अडसर कोठें होता?

व्हिडिओ गेम हा खेळ प्रारंभीं चपळ हात व तीक्ष्ण डोळे गृहीत धरूनच रचला गेला. मग ज्याचे हात चालत नाहींत त्यानें काय करावें? १९८९ सालीं निन्टेंडो कंपनीनें छातीवर बांधावयाचें यंत्र काढलें. दिशा हनुवटीनें द्यावी, कळा नळींतून श्वास फुंकून वा ओढून चालवाव्या. १९९७ सालीं जपानांत केंजी एनो यांनीं चित्रांवांचून, केवळ ध्वनीवर चालणारा खेळ रचला. अंध व डोळस यांनीं तो सारखाच खेळावा, हा हेतु. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें हवी ती कळ जोडतां येईल असें यंत्र आणलें. २०२० सालच्या ‘द लास्ट ऑफ अस: पार्ट टू’मध्यें तर ६० हून अधिक सोयी खेळांतच अंतर्भूत झाल्या. देह तोच राहिला. रचना बदलतांच खेळाडू खेळूं लागला. अडसर कोठें होता, हें त्यावरून उघड होतें.