सोललेला ओंडका : मद्रासच्या किनाऱ्यावरील एका कारागिरीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गडकोट, स्वाऱ्या आणि सनावळ्या उभ्या राहतात. दक्षिणेत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना तर ह्या बाबतीत अभिमानाला जागा पुष्कळ. शिवछत्रपतींची १६७७ची दक्षिणेतील स्वारी, तंजावरचे भोसले घराणे, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेख ह्यांविषयी अशा स्मरणिकांतून वेळोवेळी लिहिले गेले आहे व पुढेही लिहिले जाईल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र अगदीच साधा आहे. झाडाच्या ओंडक्याची साल हाताने सोलून काढणे, एवढाच तो विषय. परंतु ज्या शहराने आपल्याला आश्रय दिला, त्याचा जगाशी संबंध जवळजवळ अडीच शतके अशा सोललेल्या ओंडक्यांनी राखला, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या विषयाची थोरवी पटावी.

केंद्र सरकारच्या सेवेत असताना १९९४ साली आमची बदली मद्रासला झाली. तेव्हा आम्ही ऐन पंचविशीत होतो. रविवारी सकाळी मरीनाच्या वाळूतून दक्षिणेकडे चालत जाण्याचा आमचा परिपाठ असे. असेच एकदा सांथोमच्या अलीकडे, नोच्चिकुप्पम् ह्या कोळीवस्तीपाशी, एक वृद्ध गृहस्थ भल्यामोठ्या ओंडक्यावर वाकून काम करताना दिसले. कुऱ्हाडीच्या पात्याने त्यांनी सालीला उभी चीर दिली, तीत लाकडी पाचर सारली आणि दोन्ही हातांनी साल ओढली. हातभर लांबीची पट्टी ओल्या आवाजासह सुटून आली आणि आत पांढरेशुभ्र, पाणावलेले लाकूड दिसू लागले. चिकटून राहिलेले तुकडे ते वाकसाने हलक्या हाताने तासून काढीत होते. आमच्यासोबत एक तमिळ सहकारी होते. त्यांना मध्ये घालून आम्ही विचारले, की वाकसानेच सगळे का तासून टाकत नाही? वृद्ध हसले. सालीबरोबर चांगले लाकूड गेले तर तेवढे तरंगणे गेले, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

ते उत्तर कळण्यासाठी ही नाव मुळात काय आहे, ते पाहिले पाहिजे. तिचे नाव ‘कट्टुमरम्’. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे झाड किंवा लाकूड. म्हणजे ही ‘बांधलेली लाकडे’. आपली कोकणातील होडी तरंगते ती तिच्या पोटात पाणी शिरत नाही म्हणून. कट्टुमरम्‌ला पोटच नाही. तीन, चार, क्वचित अधिक ओंडके शेजारी शेजारी ठेवून काथ्याच्या दोराने करकचून बांधलेले असतात. लाट त्यांच्यावरून जाते, फटींतून खाली निथळते आणि नाव आहे तेथेच राहते. ती बुडत नाही, कारण बुडायला तिच्यात रिकामी जागाच नसते. तिला तारते ते केवळ लाकडाचे हलकेपण. अर्थात ते हलकेपण राखणे, म्हणजेच लाकूड कोरडे ठेवणे, हीच ह्या नावेची खरी बांधणी होय; आणि तिची सुरुवात साल काढण्यापासून होते.

साल ही झाडाची घोंगडी आहे. उभ्या झाडाला ती राखते. पण झाड तोडल्यावर तीच घोंगडी आतला ओलावा कोंडून धरते. साल आणि लाकूड ह्यांच्यामध्ये रसाने भरलेला एक जिवंत थर असतो. साल तशीच राहिली की भुंगेरे तिच्याखाली अंडी घालतात, बुरशी धरते आणि मऊ जातीचे लाकूड पाहता पाहता कुजू लागते. झाड ताजे असेतो हा थर निसरडा असतो, म्हणून साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. तो एकदा सुकला की साल लाकडाला अशी घट्ट धरते, की मग तासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उत्तर युरोपात व अमेरिकेत ओंडक्यांची घरे बांधणारे लोकही झाडात रस चढला असता, वसंत ऋतूत, साल सोलणे पसंत करतात. त्याचे कारण हेच. सोललेला ओंडका लवकर वाळतो खरा, पण कडक उन्हात पडला तर त्याला तडेही जातात. त्या वृद्धांनी आपले तयार ओंडके झावळ्यांखाली झाकून ठेवले होते, ते उगाच नव्हे.

लाकडाची निवड हीदेखील अनुभवाची बाब. पांगारा आणि शिरीषाच्या कुळातील काही हलकी झाडे ह्या कामी येत. तमिळमध्ये ‘तणक्कु’ म्हणतात त्या झाडाचे पांढरे, अतिशय हलके लाकूड मिळेल तेव्हा कट्टुमरम्‌साठी सर्वांत पसंत केले जाते, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनी करून ठेवली आहे. मोठे ओंडके पश्चिमेकडील डोंगरांतून येत. मधला ओंडका लांब व खालच्या पातळीवर, बाजूचे किंचित वर उचललेले, पुढची टोके निमुळती, अशी ही रचना असे. समुद्रावरून परतल्यावर कोळी दोर सोडीत आणि ओंडके वाळूवर वेगवेगळे वाळत टाकीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत. रोज सुटणारी आणि रोज नव्याने बांधली जाणारी अशी नाव आम्ही तरी दुसरी पाहिली नाही.

आता कोणी विचारील, की अशी नाव आपल्या कोकणात का नाही? ह्याचे उत्तर किनाऱ्यात आहे. कोकणाला खाड्यांचा आसरा आहे. होडी खाडीत शिरली की ती निवांत. तेथे डोणीला उलांडी बांधून तोल सांभाळला की काम भागते. कोरोमंडलचा किनारा मात्र सरळ, उघडा व वालुकामय. फेसाळ लाटांच्या ओळीमागून ओळी किनाऱ्यावर फुटत असतात. पोकळ होडी त्यांत भरून उलटायची; बांधलेले ओंडके मात्र पार होतात. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डँपियर ह्याने १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात ह्या तराफ्यांचे वर्णन केले आहे.

ह्या असल्या किनाऱ्यावर १६३९ साली इंग्रजांनी जागा मिळविली आणि शहर वसविले. शहर वाढले, पण बंदर नव्हते. जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकीत. उतारू व माल नेण्यासाठी ‘मसुला’ नावाचे, खिळे न ठोकता काथ्याने शिवलेले पडाव असत. आणि जेव्हा समुद्र इतका खवळे की मसुलाही जाऊ शकत नसे, तेव्हा कट्टुमरम्‌वाला पाणी न शिरणाऱ्या टोपीत पत्रे ठेवून लाटांवर स्वार होई. कोणी उतारू पाण्यात पडला तर त्याला वाचविण्याचे कामही बहुधा त्याच्याकडेच असे. बंदराच्या कामास १८७५-७६च्या सुमारास आरंभ झाला. १८८१च्या वादळाने त्या बांधकामाची दाणादाण उडविली. दगडी बंदर मोडून पडले, तरी बांधलेल्या ओंडक्यांचे काम चालूच राहिले.

दरम्यान ह्या नावेचे नाव मात्र साता समुद्रांपार गेले. १८७६ साली न्यूयॉर्कच्या शर्यतीत नॅथॅनिएल हेरेशॉफ ह्या अमेरिकन बांधणीकाराची दोन बुडांची नौका इतरांना मागे टाकून गेली, आणि अशा जोडनौकांना ‘कॅटामरान’ हा शब्द रूढ झाला. वास्तविक दोन बुडांची रचना पॅसिफिक महासागरातील बेटांची. शब्द तेवढा आपल्या शेजारच्या कोळ्यांचा. मद्रासच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे प्रमुख जेम्स हॉर्नेल ह्यांनी १९२० साली भारतीय नौकांच्या घडणीवर निबंध लिहून ह्या तराफ्यांना विद्वानांच्या चर्चेत स्थान मिळवून दिले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

त्या सकाळी निघताना वृद्ध गृहस्थांनी आम्हांला पुन्हा बोलाविले होते. ओंडके वाळले की बांधणी कशी करतात, ते दाखवीन म्हणाले. आम्ही ‘पुढच्या रविवारी’ म्हणालो. तो पुढचा रविवार आला नाही. कधी कचेरीचे काम, कधी पाहुणे, कधी मंडळाची बैठक. सरकारी नोकराला सबबींचा तोटा नसतो. १९९६ साली शहराचे नाव चेन्नई झाले. वर्षे गेली. आणि २६ डिसेंबर २००४ रोजी, तोही रविवारच होता, त्सुनामी आली.

काही दिवसांनी मंडळातील चार सभासदांसह धान्य व पांघरुणे घेऊन आम्ही त्या वस्तीत गेलो. वाळूवर दोर तुटलेले ओंडके इतस्ततः पडले होते. कोणता कोणाचा, हेही सांगता येत नव्हते. आम्ही त्या वृद्धांची चौकशी केली. ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते, आणि त्यांच्या मुलाने हे काम उचलले नव्हते.

त्यानंतर मदत म्हणून किनाऱ्यावर ज्या नावा आल्या, त्या बहुतांशी फायबरच्या व यंत्रावर चालणाऱ्या होत्या. हा बदल त्याआधीच सुरू झाला होता. जाड ओंडके दुर्मिळ व महाग झाले होते. ह्याबद्दल गळा काढण्याचा अधिकार आम्हांला नाही. पहाटे अंधारात ज्याला समुद्रात जायचे आहे, त्याने गुडघ्यांवर बसून वल्हे मारावे आणि आम्ही वाळूत उभे राहून कौतुक करावे, हा न्याय नव्हे. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. नावा बदलल्या त्या गरजेने. पण कोणते झाड निवडावे, साल केव्हा सोलावी, कोठे थांबावे, हे ज्ञान मात्र कोणी विचारले नाही म्हणून गेले. ते ग्रंथांत थोडेच होते, बहुतेक हातांत होते.

पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसविली, मुलांना मराठी शिकविले. आपली भाषा परमुलखात जपण्याची तळमळ काय असते, हे आपल्याइतके कोणाला कळणार? म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. आपल्यातील तरुण मंडळींनी शेजारच्या कुप्पम्‌मध्ये जावे. ज्यांनी ओंडके सोलले, बांधले, वाळवले, असे वृद्ध अजून आढळतील. त्यांच्यापाशी बसावे आणि ऐकलेले तमिळ शब्दांसह मराठीत लिहून ठेवावे. पुढच्या स्मरणिकेत असे एक जरी टिपण छापले गेले, तरी आमच्या त्या न आलेल्या रविवारची थोडी भरपाई झाली, असे आम्ही समजू.