घरच्या चुलीवरील विक्री आणि कायद्याची दृष्टी

नाशिक शहरात मुंबई–आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या चौकास व त्याच्या भोवतालच्या वस्तीस द्वारका म्हणतात. या वस्तीतील एखाद्या गृहिणीस आपल्या ओव्हनमध्ये केक किंवा नानकटाई भाजून ती ओळखीपाळखीच्या लोकांस विकावयाची असेल, तर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली तिला आपले नाव नोंदवावे लागते. हा नियम आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यामागे काही इतिहास असेल अशी कल्पनाही सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः घरच्या चुलीवर पदार्थ करून विकणारी व्यक्ती हा कायद्याचा एक निराळा विषय आहे, ही गोष्ट मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले. तत्पूर्वीच्या कायद्यांनी तिला वगळले होते असे मात्र नव्हे. तिला न ओळखताच त्यांनी तिला आपल्या कक्षेत घेतले होते. आणि या न ओळखण्याचेच परिणाम अधिक गंभीर होते.

नाशिकसारख्या क्षेत्रात घरच्या अन्नाची देवघेव फार जुनी आहे; विक्री मात्र जुनी म्हणता येत नाही, निदान विक्री या नावाने तरी नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, आपत्काली वैश्यवृत्तीने राहणाऱ्या ब्राह्मणाने कोणत्या वस्तू विकू नयेत यांची जी यादी आहे, तीत 'कृतान्न' म्हणजे शिजविलेले अन्न येते. तीर्थोपाध्यायाच्या घरी यात्रेकरू जेवे. तो देई ती दक्षिणा, जेवणाचे मोल नव्हे. माधुकरी मागणारा विद्यार्थीही मोल देत नसे. याच्या उलट बाजूस कौटिल्य आहे. धान्य, स्नेह, क्षार, लवण, गंध आणि औषधे यांत तशाच रंगाची भेसळ करणाऱ्यास तो बारा पणांचा दंड सांगतो. या यादीतही शिजलेले अन्न नाही. शास्त्राने जे विकू नये म्हटले, ते पुढे निराधार विधवांनी पापड-लोणच्यांच्या रूपाने विकलेच. पण ते मागील दाराने, ओळखीच्या घरांत. घेणाऱ्याचा प्रश्न एकच असे: 'कोणाच्या घरचे?' या एका प्रश्नात स्वच्छतेची चौकशी होती आणि जातीचीही. दोहोंचे प्रमाण कोणत्या घरी किती होते, हे सांगणे कठीण.

भाजलेल्या पदार्थांची गोष्ट याहून थोडी वेगळी आहे. मराठी स्वयंपाकघरात चूल, तवा आणि कढई होती, भट्टी नव्हती. पाव आला तो गोव्याच्या पोदेरांच्या, इराण्यांच्या आणि मुसलमान बेकरीवाल्यांच्या हातून, आणि सोवळ्याच्या घरांनी त्यास दीर्घकाळ उंबऱ्याबाहेरच ठेवले. दिवाळीच्या सुमारास मात्र एक चमत्कारिक तडजोड दिसे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत गृहिणी रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर घरून डब्यात घालून बेकरीत नेत आणि भाजणावळ देऊन नानकटाई करून आणीत. जिन्नस घरचे, भट्टी बाजाराची. ती नानकटाई घरीच खाल्ली जाई, म्हणून तिचा कर्ता कोण हा प्रश्न कायद्यापुढे कधी आला नाही.

भट्टीकडे कायद्याचे लक्ष प्रथम गेले ते खाणाऱ्याच्या काळजीने नव्हे. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा आणि पुढे इतर शहरांसाठी झालेला १९४९ चा कायदा यांनी जीवितास, मालमत्तेस किंवा आरोग्यास धोका पोचविणाऱ्या आणि शेजाऱ्यांस उपद्रव देणाऱ्या धंद्यांस परवाना लावला. नाशिकची महानगरपालिका १९८२ साली अस्तित्वात आली ती या दुसऱ्या कायद्याखाली. आग आणि धूर ही तेथील मुख्य चिंता. खाणाऱ्याचा विचार १८६० च्या दंडसंहितेत होता: २७२ व २७३ या कलमांनी भेसळ करणाऱ्यास आणि अपायकारक अन्न विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगितले होते. १९२५ साली मुंबई इलाख्याने भेसळीविरुद्ध स्वतःचा कायदा केला. या साऱ्यांत लक्ष होते ते वस्तूवर. ती कोणाच्या घरात, कोणत्या ओट्यावर झाली, याच्याशी कायद्यास कर्तव्य नव्हते.

१९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून अमलात आला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. अन्न विकले, विक्रीसाठी तयार केले किंवा साठविले जाते ती कोणतीही जागा त्याच्या कक्षेत येई. दुकान आणि घर असा भेद त्याने केला नाही. १९५५ च्या नियमांतील पन्नासाव्या नियमाने परवान्याची अट घातली, तीत तयार खाद्यपदार्थही होते. अन्ननिरीक्षकास अशा जागेत शिरून नमुना घेण्याचा अधिकार होता. नमुन्याची किंमत त्याने द्यावयाची, त्याचे तीन भाग करावयाचे आणि शक्य तर साक्षीदार बोलवावयाचे, अशी काळजी कायद्याने घेतली होती. कागदावर हे सारे निर्दोष दिसते.

खरी अडचण एकोणिसाव्या कलमात होती. विकलेल्या अन्नाचे स्वरूप आपणास ठाऊक नव्हते, हा बचाव त्या कलमाने प्रथमच नाकारला. त्यानंतर विक्रेत्यास एक वाट दिली: त्याने माल परवानाधारक उत्पादकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून लेखी हमीसह घेतला असेल, नीट साठविला असेल आणि ज्या स्थितीत घेतला त्याच स्थितीत विकला असेल, तर तो सुटे. ही वाट वाण्याची आहे. हळदीची पुडी जशी आली तशी विकणारा दुकानदार हमीपत्र दाखवून मोकळा होऊ शके. त्याच पुडीतील हळद घालून लोणचे करणारीने मात्र वस्तूची स्थिती बदललेली असते. किंबहुना स्थिती बदलणे हाच तिचा धंदा. त्यामुळे तुपात कोणी डालडा मिसळला आणि ते तूप तिच्या नानकटाईत उतरले, तर दोषाची साखळी तिच्यापाशी येऊन थांबण्याचा संभव होता. १९६४ च्या दुरुस्तीने किमान सहा महिने कैद आणि किमान एक हजार रुपये दंड ठरविला. न्यायालयास पुरेशी व विशेष कारणे नमूद करून शिक्षा कमी करण्याची मुभा होती, हे खरे. पण मोठ्या भेसळखोरासाठी पारखलेली ही शिक्षा छोट्यास त्याच मापाने लागू होती. अशा घरांवर खटले क्वचितच होत असावेत, असा युक्तिवाद करता येईल. तो ग्राह्य धरला तरी त्याचा अर्थ एवढाच की, सुरक्षितता कायद्यात नसून निरीक्षकाच्या दुर्लक्षात होती.

याच काळात मुंबईत घरगुती अन्नाचे दोन मोठे व्यवहार उभे होते, आणि दोन्ही कायद्याच्या कल्पनेत बसत नव्हते. गिरणगावातील चाळींच्या खोल्यांत गिरणीकामगारांस जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया हा पहिला. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले, तेव्हा हातातला प्रश्न परवान्याचा नव्हता. सावकाराच्या कचाट्यातून सुटून बँकेचे कर्ज मिळविण्याचा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपाने या स्त्रियांचे गिऱ्हाईकच मोडले. दुसरा व्यवहार पापडाचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. तीच लिज्जत संस्था. तिची पद्धत नानकटाईच्या नेमकी उलट आहे. पीठ केंद्रात मळले जाते, लाटणे आणि वाळविणे घरी होते, आणि तयार पापड केंद्रात तपासून घेतले जातात. घरी जागा स्वच्छ आहे की नाही, हे संस्था स्वतः पाहते. सरकारी निरीक्षकाने जे करावयाचे ते येथे भगिनींनी आपसात केले, आणि बाजारापुढे नाव उभे राहिले ते एका संस्थेचे. एकट्या गृहिणीस अशी ढाल नव्हती.

२००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे अमलात आला आणि १९५४ चा कायदा रद्द झाला. त्याच्या एकतिसाव्या कलमाने स्वतः अन्न तयार करणारा वा विकणारा लहान उत्पादक, फेरीवाला, कुटिरोद्योग यांना परवान्यातून वगळून त्यांच्यासाठी केवळ नोंदणी ठेवली. २०११ च्या विनियमांनी या वर्गाची मर्यादा वार्षिक १२ लाख रुपयांची उलाढाल अशी आखली आणि नोंदणीचे शुल्क वर्षास १०० रुपये ठेवले. अर्जावर सात दिवसांत नोंदणी, नकार किंवा तपासणीचा आदेश यांपैकी काहीच झाले नाही, अथवा तीस दिवसांत निर्णय कळला नाही, तर अर्जदाराने धंदा सुरू करावा, अशीही तरतूद त्यांत होती. प्रशासनाच्या मौनाचा लाभ अर्जदारास देणारी ही तरतूद विरळाच. काही अपराधांसाठी या वर्गावरील दंडास २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली, आणि वाजवी दक्षता घेतली होती हा बचाव मान्य झाला. एकोणिसाव्या कलमाने जी वाट तिला बंद केली होती, ती अशा रीतीने दुसऱ्या बाजूने उघडली.

परंतु याची किंमतही होती. विनियमांच्या चौथ्या परिशिष्टाचा पहिला भाग लहान उत्पादकासाठी आहे, आणि तो वाचताना वस्तूपेक्षा घरच अधिक समोर येते: जमीन, भिंती व छत धड असावे, रंगाचे पोपडे निघालेले नसावेत, उजेड व वारा पुरेसा असावा, पिण्याजोगे पाणी अखंड मिळावे, नखे कापलेली असावीत, सांसर्गिक रोग असलेल्याने अन्नास हात लावू नये. वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी. कायद्याची नजर पदार्थावरून ओट्याकडे वळली ती येथे. आणि ज्या खोलीत परका पुरुष सहसा शिरत नसे, ती खोली पाहण्याजोगी जागा झाली.

वेष्टनावर चौदा अंकी क्रमांक, कर्त्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो. घरच्या केकवरील हा पत्ता म्हणजे त्या बाईचे राहते घर. 'कोणाच्या घरचे?' या जुन्या प्रश्नाचे हे छापील उत्तर होय. जात तेवढी त्यातून गळली. सोवळ्याचा दुसरा अंश मात्र टिकला, कारण अंडे घातलेल्या केकवर मांसाहाराची तपकिरी खूण आणि बिनअंड्याच्या केकवर हिरवी, असा भेद नियमानेच सांगितला आहे. दूध व दुधाचे पदार्थ प्राणिजन्य असूनही हिरव्या बाजूस राहिले, हे येथील आहारपरंपरेस धरूनच झाले.

अन्नाच्या कायद्याने घर आणि धंदा यांच्यामध्ये भिंत घातली नाही. ती इंधनाच्या नियमांत सापडते. जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याखाली निघालेल्या २००० सालच्या आदेशाप्रमाणे घरगुती गॅस घरच्या स्वयंपाकासाठीच वापरावयाचा, धंद्यास व्यापारी जोडणी लागते. १४.२ किलोचे सिलिंडर घरचे, १९ किलोचे धंद्याचे. एकाच शेगडीवर सकाळी मुलांचा नाश्ता आणि दुपारी गिऱ्हाइकाची बिस्किटे करणाऱ्या द्वारकेतील गृहिणीस अन्नखात्याने नोंदणी दिली, तरी कोणत्या घटकेस कोणते सिलिंडर जोडावे, हा प्रश्न त्या नोंदणीपत्राने सुटत नाही.