पायच तिकडे वळते

मागच्या दिवाळीत मूलला गेलो होतो. एसटीतून उतरलो, बॅग खांद्याला अडकवली आणि स्टँडसमोरच्या पानठेल्यावरून खर्रा घोटण्याचा आवाज आला. विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून खसाखसा घोटलेलं मिश्रण. कॉलेजात असताना मी दिवसाला चार-पाच पुड्या संपवायचो. सोडून आता चौदा वर्षं झाली. पुण्यात त्याची आठवणसुद्धा येत नाही. पण त्या आवाजासरशी तोंडाला पाणी सुटलं आणि हात आपोआप खिशाकडे गेला!

घेतला नाही. पण घरापर्यंत चालत जाताना डोक्यात लहान काका होते.

आमच्या घरात लहान काकांचा विषय निघाला की एका वाक्यात संपतो. "मनावर घेतलं असतं तर सोडली असती." बाबा म्हणायचे, आत्या म्हणायची, आणि मीही म्हटलंय. स्वभावाने गरीब माणूस, हिशेबाला पक्का, पण संध्याकाळी बाजारातल्या देशीच्या दुकानावरून घरी यायचा तो भिंत धरत धरत. 1998 च्या पोळ्यानंतर आत्या त्यांना अमरावतीकडे आपल्या गावी घेऊन गेली. तिथे जवळजवळ वर्षभर काकांनी थेंबालाही हात लावला नाही. शेतात राबले, अंगावर मांस आलं. पुढच्या पोळ्याला घरी परतले, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा भिंत धरत आले.

घरात जो काही तमाशा झाला तो इथे लिहीत नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, नागपूरहून सुट्टीला आलेलो. मी त्यांना तोंडावर म्हणालो, "वर्षभर नाटक केलं ना काका तुम्ही?" ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "का सांगू बापू, पायच तिकडे वळते."

हे वाक्य तेव्हा मला पळवाट वाटलं. आता वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

गोष्ट सुरू होते 1953 मध्ये, कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचे हलके झटके देत होते. एका उंदराची तार ठरवलेल्या जागी न बसता भलतीकडेच बसली. आणि तो उंदीर, टेबलाच्या ज्या कोपऱ्यात झटका मिळाला होता, त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जायला लागला. मग त्यांनी उंदरांनाच कळ दाबायला दिली. उंदीर तासाला शेकडो वेळा ती दाबत बसायचे. 1954 मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि सगळे म्हणू लागले, मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं.

पण मला त्या कळीपेक्षा तो कोपराच जास्त महत्त्वाचा वाटतो. उंदराचे पाय जागेकडे वळत होते.

हे नीट कळायला आणखी चाळीस वर्षं गेली. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या, डोपामीन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेत होते. माकडाला फळाचा रस मिळाला की या पेशी चेकाळत. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी रस मिळाल्यावर गप्प, आणि दिवा लागला की चेकाळायला लागल्या. दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या क्षणाला त्या नेहमीपेक्षाही मंद पडत. 1997 मध्ये पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्याबरोबर शुल्ट्झनी याचं गणित मांडलं. म्हणजे हे रसायन नुसत्या सुखाचं नव्हे, ते शिकण्याचं आहे. कशामागून काय मिळतं हे मेंदू त्यातून शिकतो, आणि ते मिळण्याआधीच ओढ निर्माण करतो.

दारूला लावून बघा. रस म्हणजे दारू. दिवा म्हणजे दुकानाची पाटी, बाटल्यांचा खणखणाट, सोबतचे चार जण, संध्याकाळचे सहा. शिवाय दारू, तंबाखू, कोकेन यांच्यासारखे पदार्थ थेट याच यंत्रणेवर जोर करतात, त्यामुळे हा धडा फार खोल कोरला जातो. 2006 मध्ये अमेरिकेत नोरा वोल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनच्या व्यसनी माणसांना, लोक कोकेन घेताहेत अशी नुसती चित्रफीत दाखवली. कोकेनचा कणही दिला नाही. तरी त्यांच्या मेंदूत डोपामीन वाढलं, आणि ज्यांच्यात जास्त वाढलं त्यांना तलफही जास्त आली. 2007 मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. मेंदूला इजा झालेल्या 69 सिगारेटवाल्यांपैकी 19 जणांचा इन्सुला नावाचा भाग दुखावला होता. त्यांच्यातल्या बाराजणांची सिगारेट सहज सुटली, पुन्हा ओढावीशीसुद्धा वाटली नाही. ज्याला आपण 'मनावर घेणं' म्हणतो, त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मेंदूतला एखादा कोपरा उभा असतो तर!

आता काकांचं ते अमरावतीकडचं वर्ष. त्याला जोड मिळाली थेट व्हिएतनामच्या युद्धात. 1971 मध्ये अमेरिकेत घबराट पसरली होती, कारण तिथले सैनिक मोठ्या प्रमाणावर हेरॉइन घेत होते. ही पोरं घरी आल्यावर काय होणार? ली रॉबिन्स या बाईंनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. जवळजवळ वीस टक्के जणांनी तिथे व्यसन लागल्याचं सांगितलं. पण त्या व्यसन लागलेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात फक्त पाच टक्के पुन्हा व्यसनात पडले. अनेकांना हे खरंच वाटेना. पण ज्या जागी सवय लागली ती जागा, ते सोबती, तो सहज मिळणारा माल, सगळंच मागे राहिलं होतं. उलट उपचार घेऊन पुन्हा आपल्याच गल्लीत परतणारा माणूस परत घसरतो, हे डॉक्टरांना रोज दिसत होतं. जागा हे एकच कारण नाही हे खरं. पण मला त्या आकड्यांत काका दिसले. अमरावतीकडचं वर्ष नाटक नव्हतं. आणि पोळ्याची ती संध्याकाळ लबाडी नव्हती.

आता आपल्या जंगलात परत येऊ. 26 ऑगस्ट 1982 ला चांद्याचा तुकडा पाडून गडचिरोली जिल्हा झाला. 1986 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' सुरू केलं. गावातल्या बायका आपल्या दुखण्यांबरोबर नवऱ्याच्या दारूचंही गाऱ्हाणं सांगू लागल्या. त्यातून दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं आणि 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. शुल्ट्झचं गणित छापून यायला तेव्हा चार वर्षं बाकी होती. या बायकांनी डोपामीनचं नाव ऐकलं असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांची मागणी 'आमच्या नवऱ्यांना उपदेश करा' एवढीच नव्हती. त्या म्हणत होत्या, दुकान बंद करा. माझी काकूही तेच म्हणायची. "यायले समजावून का होते? ते दुकान उचला इथून, मंग बघा."

पण वैनगंगेच्या अलीकडे, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, दुकानं उघडीच होती. काका 2008 मध्ये लकवा मारून गेले, घरीच, अंथरुणावर. 2015 मध्ये सर्चच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. गडचिरोलीतल्या 86 गावांतल्या 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने, म्हणजे 14.3 टक्के, सगळ्यात मोठं कारण तेच. त्यातले 87 टक्क्यांहून जास्त घरीच गेले. रक्तदाब, तंबाखू आणि भरमसाट दारू, सगळे लकव्याचे जुने सोबती. वाचताना वाटलं, आमचंच घर कुणीतरी मोजून गेलं.

डिसेंबर 2010 मध्ये 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामी यांच्याबरोबर चंद्रपूरच्या हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी निघाल्या. काकू त्यांच्यात होती. तिच्या घरात तोवर पिणारं कुणी उरलं नव्हतं. मी फोनवर विचारलं, आता कशाला जातेस? म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात आहेत ना."

1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरात बंदी आली. आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने ती उठवली. चोरटी दारू वाढली, महसूल बुडाला, ही कारणं दिली गेली. चोरून विकलेली दारू मीही त्या वर्षांत डोळ्यांनी पाहिली, त्यामुळे त्यात तथ्य नाही असं म्हणणार नाही. मोहाचा प्रश्न वेगळाच. ज्या समाजात मोहाची दारू देवाला चढते, लग्नामयतात लागते, तिथे तिच्यात आणि रोज सकाळी शटर उघडणाऱ्या दुकानात फरक करावाच लागेल. आणि मेंदूचं शास्त्र काही सरकारचा जीआर काढून देत नाही. व्यसनाला मेंदूचा आजार म्हणावं की खोल रुजलेली सवय, यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही.

पण एक गोष्ट मला पक्की पटली आहे. नुसतं दुकान बंद करून ज्याला आधीच लागलेली आहे त्याला वाऱ्यावर सोडलं, तर तो चोरवाट शोधणार. आणि नुसतं समजावून, औषध देऊन त्याला पुन्हा त्याच दुकानासमोर उभं केलं, तर पाय तिकडे वळणार. दोन्ही हातांनी काम करावं लागतं. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या 'मुक्तिपथ'मध्ये गावाची संघटना, बंदीची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार हे एकत्र धरले आहेत, ते मला म्हणून शहाणपणाचं वाटतं.

असो. मी त्या दिवशी खर्रा घेतला नाही, यात माझा मोठेपणा किती? मला पुण्यात नोकरी मिळाली, जिथे माझ्या वाटेवर पानठेला नव्हता, घोटण्याचा आवाज नव्हता, "घे ना बे" म्हणणारा मित्र नव्हता. मी चौदा वर्षं माझ्या अमरावतीत राहिलो, इतकंच. काकांना एकच वर्ष मिळालं, आणि मग आम्ही सगळ्यांनी मोठ्या प्रेमाने त्यांना पोळ्याला घरी बोलावलं.

घरी पोचल्यावर मी काकूला हे सगळं, उंदरापासून व्हिएतनामपर्यंत, सांगितलं. ती चिवडा भाजत होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते तर ते सांगतच होते ना रे. तुमी ऐकलं कुठं?"

नातेवाईकांपैकी जे हे वाचतील त्यांना एवढीच विनंती, यापुढे काकांचा विषय निघाला तर ते जुनं वाक्य नको. मी माझं मागे घेतलं आहे. सांगायला मात्र सतरा-अठरा वर्षं उशीर झाला.