‘मायसिन’ हे आडनाव आले कुठून?

“डॉक्टर, घरात मागच्या वेळची अॅझिथ्रोमायसिन उरली होती. तीच घेतली, पण नायटा वाढलाच.” पावसाळा सुरू झाला की डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य हमखास ऐकू येते. घामाने भिजलेले कपडे, लोकलची गर्दी, त्यात बुरशीचा नायटा. ‘मायसिन’ म्हणजे कुठल्याही इन्फेक्शनचे औषध, असा आपला समज असतो. म्हणून आज या शब्दाचीच गोष्ट सांगतो.

ग्रीक भाषेत ‘मायकीस’ म्हणजे बुरशी. मातीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे सूक्ष्मजीव राहतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो, तो मुख्यतः त्यांचाच. ते धाग्यांसारखे वाढतात, म्हणून त्यांच्या नावात बुरशी आली. प्रत्यक्षात ते जिवाणू आहेत. म्हणजे नावातच गफलत!

१९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याने या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावर गुण देणारे ते पहिले अँटिबायोटिक. पुढे अशा जिवाणूंपासून मिळालेल्या कितीतरी औषधांच्या नावांना ‘मायसिन’ हे शेपूट लागले. एरिथ्रोमायसिन त्यातलेच. त्यात रासायनिक बदल करून तुमची अॅझिथ्रोमायसिन तयार झाली.

या घराण्याची एक शाखा आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्ट्रेप्टोमायसिसपासून नवे औषध शोधले, हॅमायसिन. त्या जिवाणूचे शास्त्रीय नाव आहे ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आपल्या पिंपरीचे नाव जगाच्या जीवशास्त्रात असे कायमचे नोंदले गेले.

आता खरी गंमत पाहा. स्ट्रेप्टोमायसिन आणि अॅझिथ्रोमायसिन जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ रोखतात. हॅमायसिन बुरशीला मारते, तोंडात पांढरे चट्टे पाडणाऱ्या बुरशीवर ते वापरले गेले. ब्लिओमायसिन तर काही कर्करोगांवर देतात. आडनाव एक, कामे वेगळी. ‘मायसिन’ औषधाचे माहेर सांगते, त्याचे काम सांगत नाही.

म्हणून नायट्यावर अॅझिथ्रोमायसिन घेऊन उपयोग नाही, तो बुरशीचा आजार आहे. साध्या सर्दीवरही नाही, ती विषाणूंमुळे होते. उलट आपल्या शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा गोळी लागू पडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन एकटेच दिले तेव्हा क्षयाच्या जंतूंनी हेच केले. म्हणून आज क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे द्यावी लागतात.

तेव्हा घरातल्या डब्यात उरलेली ‘मायसिन’ असेल, तर नाव ओळखीचे वाटते म्हणून घेऊ नका. आधी आजार कशाचा आहे, ते डॉक्टरांना विचारा.