हॉकी स्टिक : मनगट, मूठ आणि माप

झाशी : बोलिंगच्या खेळात चेंडूची छिद्रे खेळाडूच्या बोटांच्या मापाने पाडून घेता येतात. हॉकीत ती सोय नाही. स्टिक कारखान्यातून तयार होऊन येते आणि लांबी, वजन व मुठीवरील ग्रिप एवढ्याच बाबतीत खेळाडूला निवड असते. मेजर ध्यानचंद यांच्या झाशीत हॉकीची चर्चा निघाली की ती आजही मनगटाच्या कौशल्यावर येऊन थांबते. मात्र ते मनगट मोकळे राहणे बरेचसे या निवडीवर अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमानुसार स्टिकचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा व लांबी १०५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. ग्रिप आणि वरून गुंडाळलेल्या पट्ट्यांसह संपूर्ण स्टिक ५१ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या कड्यातून पार व्हावी लागते. दांड्याचा बाक २५ मिलिमीटरपर्यंतच चालतो. चपटी बाजू केवळ डावीकडेच असते. त्यामुळे डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नाही. त्यांनाही इतरांप्रमाणेच खेळावे लागते.

पकडीचे मर्म दोन्ही हातांच्या कामाच्या वाटणीत आहे. डावा हात मुठीच्या टोकाला घट्ट असतो आणि स्टिक तोच फिरवतो. उजवा हात खाली सैल राहतो. दांडा त्याच्या तळव्यातून फिरला पाहिजे. चेंडू डावीकडून उजवीकडे ओढताना स्टिक उलटी करावी लागते, तेव्हा ही सैल पकड उपयोगी पडते. मूठ हाताच्या मानाने जाड असेल तर बोटे पुरती मिटत नाहीत, खेळाडू नकळत जोर लावतो आणि पुढचा हात लवकर थकतो. घामासाठी ग्रिपवर ग्रिप चढवण्याची सवय म्हणूनच महागात पडते. जुनी ग्रिप काढून नवी गुंडाळणे केव्हाही बरे.

लांबीचा ढोबळ अंदाज सोपा आहे. स्टिक शेजारी उभी धरल्यास तिचे टोक साधारण कमरेच्या हाडापाशी यावे. प्रौढांत ३६.५ व ३७.५ इंच ही रूढ मापे आहेत. लांब स्टिक घेतलेल्या मुलाच्या पोटाला ड्रिब्लिंग करताना मुठीचे टोक अडते आणि ते टाळण्यासाठी तो ताठ उभा राहतो. आखूड स्टिकने कंबर अधिक वाकते व पाठीवर ताण येतो.

व्यवहारात मात्र माप पाहून स्टिक घेण्याची चैन अनेक मुलांना परवडत नाही; मोठ्या भावाची किंवा क्लबची जुनी स्टिक हाती येते. भारताचे माजी कर्णधार धनराज पिल्ले पुण्याजवळील खडकीच्या कारखाना वसाहतीत मोडक्या स्टिकांनीच खेळ शिकले. त्यांच्या यशामुळे चुकीच्या मापाचे समर्थन होत नाही, हे प्रशिक्षकांनी ध्यानात घ्यायला हवे.

पारंपरिक भारतीय स्टिक तुतीच्या लाकडाची. वाफेवर वाकवलेल्या तुतीत वेताचा दांडा पाचरीसारखा बसवतात. वेतामुळे फटक्याचा हादरा हातापर्यंत कमी पोहोचतो. फाळणीपूर्वी या व्यवसायाचे मोठे केंद्र सियालकोट होते. त्यानंतर जालंधर व मेरठ पुढे आले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान रूढ झाले आणि पुढे कार्बन व काचतंतूच्या स्टिकांनी लाकडाची जागा घेतली. त्या ताठ असतात, फटका जोरकस बसतो. पण हादराही हाताला अधिक जाणवतो. नवशिक्याने अतिशय कडक स्टिक न घेणे हिताचे.

ध्यानचंद यांची कारकीर्द गवताच्या मैदानावर घडली. १९२८, १९३२ व १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांनी मिळवली. १९३३ मध्ये झाशी हीरोज संघाने कलकत्ता कस्टम्सला हरवून जिंकलेला बेटन चषकाचा अंतिम सामना ते आपला सर्वांत संस्मरणीय सामना मानत. नेदरलँड्समध्ये त्यांची स्टिक चुंबकाच्या संशयावरून फोडून पाहिली गेली, ही कथा आख्यायिका म्हणूनच सांगितली जाते. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार झाशीतील हॉकी मैदानावर झाले.