होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

मध्य प्रदेश राज्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांतून (इयत्ता सहावी ते आठवी) १९७२ ते २००२ या काळात राबविण्यात आलेला विज्ञानशिक्षणविषयक उपक्रम. विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्था, शासन आणि खेड्यांतील शिक्षक यांच्या दीर्घकालीन सहकार्याचे हे भारतातील एक महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी : स्वातंत्र्योत्तर काळात विज्ञान हा शालेय अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग झाला, तथापि ग्रामीण शाळांत प्रयोगशाळेचा अभाव असल्याने व्याख्या पाठ करणे हेच विज्ञानाध्ययनाचे स्वरूप राहिले. या परिस्थितीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले रेणवीय जीववैज्ञानिक अनिल सद्‌गोपाल यांनी होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ ही संस्था स्थापन केली. ही संस्था व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी राज्य शासनाच्या अनुमतीने १९७२ मध्ये १६ शाळांतून कार्यास आरंभ केला. प्रारंभी टाटा संस्थेतील शास्त्रज्ञांचे साहाय्य लाभले. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचा गट त्यात सहभागी झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने दिलेल्या अधिछात्रवृत्त्यांमुळे त्यांतील काहींना प्रत्यक्ष खेड्यांत राहून काम करता आले.

अध्यापनपद्धती : चार-चार विद्यार्थ्यांचे गट स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत व चर्चेअंती निष्कर्ष काढीत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत त्यामुळे तयार उत्तरे नव्हती. प्रयोगांच्या सूचना आणि प्रश्न होते. शाळांना साध्या साहित्याची पेटी पुरविली जाई. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी सुईऐवजी बाभळीचा काटाही चाले. गणिताचा या कार्यक्रमात स्वतंत्र विषय म्हणून समावेश नव्हता. परंतु मापन, त्यातील त्रुटी, सरासरी, आलेख आणि नाणेफेकीच्या प्रयोगांतून संभाव्यता या कल्पना विद्यार्थ्यांना विज्ञानाच्या तासालाच परिचित होत.

शिक्षकांसाठी उन्हाळी सुट्टीत प्रशिक्षणवर्ग भरत. तेथे प्राध्यापक व्याख्याने देत नसत. शिक्षकांबरोबर तेही प्रयोग करीत. त्यानंतर मासिक बैठकांतून शिक्षक आपल्या अडचणी मांडीत व त्यांनुसार पाठांत बदल केले जात. पुस्तकाच्या घडणीत खेड्यातील शिक्षकाला असे स्थान मिळाले, हे या सहकार्याचे विशेष लक्षण होय. परीक्षापद्धतीही बदलण्यात आली. लेखी परीक्षेत पुस्तक व स्वतःची वही पाहण्याची मुभा असे आणि प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाई. पाठांतराला गुण मिळत राहिले असते, तर प्रयोग नाममात्र उरले असते.

विस्तार : १९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत लागू झाला. त्याच वर्षी अभियंते अरविंद गुप्ता किशोर भारतीत आले. आगकाड्या आणि सायकलीच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भौमितिक आकृत्या करण्याची त्यांची पद्धत तेथे आकारास आली. पुढे पुण्यातील त्यांच्या कार्यामुळे अशी खेळणी महाराष्ट्रातही परिचित झाली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेकडे कार्यक्रमाची शैक्षणिक जबाबदारी आली आणि राज्याच्या इतर काही जिल्ह्यांतील निवडक शाळांतही तो सुरू झाला. महाराष्ट्रात याच दशकांत टाटा संस्थेअंतर्गत १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षणाचे काम केले.

समाप्ती व मूल्यमापन : कार्यक्रम आठवीपुरता मर्यादित असल्याने नववीत विद्यार्थ्यांना पुन्हा रूढ पद्धतीस सामोरे जावे लागे. मोठ्या वर्गांत प्रयोग घेणे, साहित्याची भरपाई करणे व शिक्षकांच्या बदल्या या अडचणीही होत्याच. २००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद करून सर्वत्र प्रचलित पाठ्यपुस्तके लागू केली. या निर्णयास शास्त्रज्ञांनी व शिक्षणतज्ञांनी विरोध केला. तथापि तो कायम राहिला.

पुस्तक, साहित्य, प्रशिक्षण व परीक्षा ही एकाच साखळीची अंगे असून ती एकत्रच बदलावी लागतात आणि साधी शासकीय शाळाही हा बदल पेलू शकते, हे या कार्यक्रमाने दाखवून दिले. मात्र तीस वर्षांनंतरही शासनदरबारी त्याचे स्वरूप अनुमतीने चाललेल्या प्रयोगाचेच राहिले. त्यामुळे अनुमती संपताच शाळांतील त्याचे अस्तित्वही संपले.