पंडिता रमाबाई आणि दुष्काळातल्या मुली



दिवाळी सरली की आपल्या भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे जावंच लागतं. कुणी लेकरं बरोबर नेतं, कुणी म्हाताऱ्या आईपाशी ठेवून जातं. गेल्या हंगामात आमच्या गटाच्या बैठकीत एका आजीने सांगितलं की ओळखीच्या ओळखीतली एक बाई घरी आली होती. बारा वर्षांच्या नातीला शहरात घरकामाला नेते म्हणाली. जेवणखाण, कपडे आणि वर महिन्याला पैसे. आम्ही सगळ्या एका तोंडाने नको म्हणालो. आजी चिडली. म्हणाली, "नको म्हणायला काय लागतं? तुम्ही घालणार का तिला खायला?"

आम्ही गप्प झालो. आजीचं चुकलं नव्हतं. नुसतं 'नको' म्हणून लेकराचं पोट भरत नाही. हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका बाईपुढे आला होता आणि तिने त्याचं उत्तर करून दाखवलं होतं. म्हणून आज आम्ही तिची गोष्ट सांगणार आहोत.

रमाबाई म्हटलं की आपल्याला आधी बाबासाहेबांच्या रमाई आठवतात, नाहीतर रमाबाई रानडे. या तिसऱ्या, पंडिता रमाबाई. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब पुराण सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी फिरायचं. रमाबाई वयात येत होत्या तेव्हा दक्षिणेत दुष्काळ पडला. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. उपाशीतापाशी, शेकडो कोस पायी चालत ही दोघं फिरली आणि १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकलं आणि त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

पुढे भाऊही गेला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि लग्नाला दोन वर्षंही होत नाहीत तोच नवरा पटकीने वारला. रमाबाई पुण्याला आल्या, नंतर इंग्लंडला गेल्या. तिथे १८८३मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेत फिरून विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली आणि १८८९मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. या शाळेच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे झाल्या.

आता येतो १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या आणि विदर्भाच्या काही भागात, हाहाकार उडाला होता. सरकारने दुष्काळी कामं काढली होती, उपाशी लोकांसाठी आसरे उघडले होते. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने हाडं वर आलेली लेकरं त्यांनी पाहिली. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली आणि लिहून ठेवली. आई-बाप मेलेल्या, चुकलेल्या मुली हेरत काही पुरुष आणि काही बायकाही तिथे फिरत होत्या. दोन घास देतो म्हणायचं आणि मुलीला घेऊन जायचं. ती मुलगी पुढे कुठे विकली जाईल, हे सांगायला नको. लहान मुलीला अशी विकणं आणि विकत घेणं १८६०च्या दंडसंहितेतही गुन्हाच होता. पण ज्या मुलीचं नाव-गाव विचारणारं कुणी उरलं नाही, तिच्यासाठी फिर्याद कोण करणार?

मैत्रिणींनो, इथे आम्हाला आमची आजी आठवते. मुली नेणारा माणूस सुरा घेऊन येत नाही. तो भाकरी घेऊन येतो. भूक जिथे पोचते तिथे तिच्या मागोमाग तो पोचतो. रमाबाईंना हे पुस्तकात वाचायची गरज नव्हती. अशाच दुष्काळात अशाच वयाच्या असताना त्या रस्त्यावर होत्या. त्या मुलींमध्ये त्यांनी स्वतःलाच पाहिलं असेल.

त्या दलालाच्या आधी पोचल्या. त्या वर्षी ३००च्या आसपास मुली आणि तरुण विधवा त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात इतक्या जणींना ठेवणं अशक्य झालं. पुण्यापासून रेल्वेने सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथे त्यांनी आधीच शेतजमीन घेतली होती. मुलींना तिकडे नेलं आणि १८९८मध्ये तिथे 'मुक्ती सदन' उभं राहिलं. पुढे १८९९-१९००चा मोठा दुष्काळ आला, तो गुजरातेतही पसरला. तिकडूनही मुली आल्या. केडगावात राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

जरा विचार करा. या मुलींची बोली वेगळी, गाव शेकडो कोस लांब, मराठी ओ की ठो कळत नाही. आज परराज्यातून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातलं लेकरू आपल्या शाळेच्या दाराशी जसं बावरून उभं राहतं, तशाच त्या असतील. रमाबाईंनी त्यांना आधी जेवण दिलं, औषध दिलं आणि मग लगेच पाटी दिली. पाटीबरोबर हाताला काम दिलं. शेती, गाई, विणकाम, शिवणकाम, स्वयंपाक. पुढे तिथे छापखाना निघाला आणि मुली खिळे जुळवू लागल्या. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन झालं. मनोरमाबाईंनी त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. ज्यांना आधीच फसवून वाईट मार्गाला लावलं गेलं होतं अशा बायांसाठी 'कृपा सदन' होतं. तुझ्यात आता काय उरलं, असं म्हणून त्यांना दार लावलं नाही.

आमच्या मते रमाबाईंचं खरं मोठेपण इथे आहे. मुलीला ओढून बाहेर काढणं हे एका दिवसाचं काम. ती परत त्याच जाळ्यात जाऊ नये म्हणून तिला वाचता येणं, चार पैसे मिळवता येणं आणि तिची विचारपूस करणारं माणूस असणं, हे पुढच्या दहा वर्षांचं काम. ते त्यांनी केलं.

आणि त्या सरकारलाही भ्यायल्या नाहीत. १८९७मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे काय हाल होतात आणि आपली एक मुलगी तिथून कशी हातची गेली, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून मांडलं. गव्हर्नरांनी आरोप नाकारले, पण प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून १८९३मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. 'केसरी'ने कडक टीका केली, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्ती सदन तर उघडच ख्रिस्ती संस्था होती. अनाथ मुलीचा धर्म कुणी ठरवायचा, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही खरा आहे. पण त्या मुलींना आणायला मध्य प्रांतापर्यंत किती जण गेले, हेही विचारलं पाहिजे. १९२२मध्ये रमाबाई वारल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आज मात्र कुणालाच, कितीही चांगल्या मनाने का होईना, परस्पर लेकरं गोळा करता येत नाहीत. बेवारस किंवा हरवलेलं मूल सापडलं तर चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी लागते. हे चांगलंच आहे, कारण आश्रमाची पाटी लावूनही फसवणारे असतात. कुणी म्हणालं, "तुमची मुलगी आमच्या वसतिगृहात फुकट शिकवू," तर आधी नोंदणीचा कागद बघा.

आता आमच्या आजीकडे येऊ. त्या बैठकीत आम्ही ठरवलं की त्या बाईला चार गोष्टी विचारायच्या. तुझं पूर्ण नाव-गाव काय? मुलगी नेमकी कुणाच्या घरी राहणार? आमच्यापैकी दोघी येऊन घर बघतील, चालेल का? आणि चौदा वर्षांच्या आतल्या लेकराला कामाला ठेवणं गुन्हा आहे, हे माहीत आहे का? ती बाई "उद्या येते" म्हणाली आणि पुन्हा आली नाही. ती खरंच वाईट होती की नाही, देव जाणे. पण ज्याचं मन साफ आहे त्याला घर दाखवायला अडचण नसते.

आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर? गटाच्या बचतीतून तिला धान्यापुरतं कर्ज दिलं, हप्ता उसाचे पैसे आल्यावर. नातीला दुपारचं जेवण शाळेत मिळतं. संध्याकाळी ती आमच्यापैकी एकीच्या घरी अभ्यासाला बसते. काम छोटं आहे, पण आता ती रोज कुणाच्या तरी नजरेत आहे.

तुमच्या गटालाही एवढं करता येईल. हंगामाच्या आधीच्या बैठकीत कोण जाणार आणि लेकरं कुणाजवळ राहणार, याची यादी करा. मूल बरोबर जाणार असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचं विचारा. बाहेरून आलेल्या मजुरांची लेकरं दिसली तर त्यांना शाळेत न्या. दाखला नाही म्हणून शाळा त्यांना परत पाठवू शकत नाही, तसा कायदा आहे. अनाथ लेकरासाठी बाल संगोपन योजना आहे. गावच्या बाल संरक्षण समितीत कोण आहे, हे सरपंचांना विचारा. आणि शंका आली तर १०९८ला फोन करा. फुकट लागतो, रात्रीसुद्धा लागतो.

रमाबाईंच्या काळात फोन नव्हता, असे कायदेही नव्हते. त्या पाचशे मैलांवर जाऊन मुली घेऊन आल्या. आपल्याला फार तर शेजारच्या आळीत जायचं आहे. तेवढं जाऊ या.